सातव्या महिन्यात घेतलेली उतरती उशी

सातवा लागला आणि रात्री आडवं झालं की छातीच्या मधोमध आग पडायची, घशाशी आंबट पाणी यायचं. मी घाबरून डॉक्टरांकडे गेले. त्यांनी बीपी पाहिलं, ईसीजी काढला आणि मगच म्हणाल्या, ही ॲसिडिटी. गरोदरपणात प्रोजेस्टेरॉन या हार्मोनमुळे अन्ननलिकेच्या खालची झडप सैल पडते, त्यात वाढतं गर्भाशय जठराला वर ढकलतं. गोळी दिली, ती लोहाच्या गोळीसोबत घ्यायची नाही असं बजावलं आणि उशाकडची बाजू उंच करायला सांगितली.

आधी दोन उशा रचून पाहिल्या. मान अवघडली, पोट दुमडलं, जळजळ तशीच. मग आमच्या गल्लीतल्या गादीवाल्या काकांकडून फोमची उतरती उशी करून घेतली, साडेआठशे रुपयांत. कमरेपासून डोक्यापर्यंत सलग चढ आहे, त्यामुळे डाव्या कुशीवर नीट झोपता येतं. तिसऱ्या रात्री मी सलग चार तास झोपले! खोळ मात्र रेक्झिनची होती, घाम यायचा. सासूबाईंनी जुन्या सुती लुगड्याची शिवून दिली.

जेवण साडेसातला उरकते, तिखट कमी केलंय. उशी खरंच घ्या. पण छातीत दाब येऊन कळ हातात किंवा जबड्यात गेली, धाप लागली, एकच पाय सुजला, किंवा बरगडीखाली दुखून डोकं ठणकू लागलं, तर उशी बाजूला ठेवा आणि त्याच क्षणी दवाखाना गाठा, रात्र असली तरी.