गेट्स ऑफ हेलमध्ये जर्मन घेताय? बंदूक नंतर बघा, आधी गोळी ठरवा

मावसभावाचा परवा रात्री साडेअकराला मेसेज, "दादा जर्मन घेतलेत, सगळ्यांना एसटीजी देऊन टाकू का?" (एसटीजी म्हणजे घोडा दाबून धरला की गोळ्या सोडत राहणारी जर्मन रायफल.) व्हॉइस नोट करायला बसलो तर सात मिनिटं झाली तरी मी नऊ एमएमच्या गोळीवरच अडकलेलो, म्हटलं जाऊ दे, टाइपच करतो, त्याच्यासारखे अजून चार जण असतील त्यांनाही उपयोग होईल.

ज्यांनी अजून खेळलेला नाही त्यांच्यासाठी, कॉल टू आर्म्स – गेट्स ऑफ हेल: ऑस्टफ्रंट, २०२१ चा गेम, दुसऱ्या महायुद्धातली पूर्व आघाडी, एका बाजूला जर्मन आणि समोर रशियन. बाकीच्या स्ट्रॅटेजी गेममध्ये दारूगोळा म्हणजे स्क्रीनच्या कोपऱ्यातला एक आकडा असतो, इथे तसं नाही. इथे प्रत्येक शिपायाची स्वतःची पिशवी, त्यात काय किती आहे ते मोजून, आणि संपलं की संपलं, मग मेलेल्याच्या पिशवीतून काढा नाहीतर मागून ट्रक आणा. आणि नवीन माणूस हमखास इथेच गंडतो, बंदुकीचा रुबाब बघून स्क्वॉड निवडतो आणि दहाव्या मिनिटाला त्याचे भारीतले भारी लोक भिंतीमागे हात चोळत बसलेले असतात.

माझंच सांगतो. कॉन्क्वेस्ट मोड, बर्फातलं गाव वाचवायचं होतं, मी हौसेनं आठ जणांच्या हातात एसटीजी ४४ दिली. पहिल्या दोन लाटा अशा कापल्या की विचारू नका. तिसऱ्या लाटेला एकाची मॅगझिन संपली, मग दुसऱ्याची, मी डायरेक्ट कंट्रोल घेऊन, म्हणजे एकाच शिपायाला स्वतः चालवत, त्याला सरपटत विहिरीपाशी नेला, तिथे आपलीच सहा-सात माणसं पडलेली. एकेकाची पिशवी उघडतोय, गोळ्याच गोळ्या, सगळ्या ७.९२, आणि एकही माझ्या कामाची नाही. कारण त्या लांब ७.९२ आणि माझ्या हातात आखूड ७.९२ वाली बंदूक. शेवटी तिथल्याच एका मेलेल्याची कार९८, म्हणजे दर गोळीला हातानं बोल्ट ओढायची साधी रायफल, उचलली आणि खट् खट् बोल्ट ओढत बसलो. गाव गेलंच.

तर आधी हा ७.९२ चा घोळ समजून घ्या. तो आकडा बंदुकीच्या नळीच्या भोकाच्या रुंदीचा, त्यावरून काडतूस कुठलं ते कळत नाही, त्यासाठी पुढचा आकडा बघायचा, म्हणजे काडतुसाच्या नळकांड्याची लांबी. ७.९२×५७ म्हणजे रायफल आणि मशिनगनचं मोठं काडतूस, कार९८, जी४३, एमजी ३४, एमजी ४२ सगळ्यांचं. ७.९२×३३ म्हणजे कुर्झ, कुर्झ म्हणजे जर्मनमध्ये आखूड, एसटीजी ४४ चं. आणि जुन्या पांझरब्युक्से ३९ नावाच्या रणगाडाविरोधी रायफलचं ७.९२×९४, एवढं लांबडं काडतूस की टोकाला बारीकशी गोळी आणि मागे नुसती दारू. त्या गोळीत म्हणे अश्रुधुराची छोटी पुडी भरायचे, रणगाड्याच्या आत गेल्यावर शत्रूला बाहेर काढायला, ज्यांच्यावर झाडली त्यांना कधी पत्ताच लागला नाही. ही तिसरी सोडून द्या, निवड करायची ती पहिल्या दोघांत आणि ९ एमएममध्ये.

मी बंदुकांची तुलना करत नाही, ओझ्याची करतो, कारण त्यातच सगळं येतं. लांब ७.९२ चं एक काडतूस साधारण २७ ग्रॅम, कुर्झचं १७ च्या आसपास, ९ एमएमचं १२. आता खऱ्या शिपायाच्या कमरेला काय असायचं बघा. कार९८ वाल्याच्या पट्ट्याला तीन-तीन कप्प्यांच्या दोन पिशव्या, कप्प्यात पाच-पाचच्या दोन क्लिप, हिशोब ६० गोळ्या, दीड किलोच्या थोडं वर. एमपी ४० वाल्याकडे (ही सबमशिनगन, म्हणजे पिस्तुलाच्या गोळ्या सलग झाडणारी छोटी बंदूक) ३२ च्या सहा मॅगझिन, १९२ गोळ्या, नुसत्या गोळ्यांचं वजन सव्वादोन-अडीच किलो. एसटीजीवाल्याकडे ३० च्या सहा, १८० गोळ्या, तीन किलो, वर लोखंडी मॅगझिनचं वजन वेगळं. आता ६० गोळ्यावाला एकेक बार नेम धरून टाकतो आणि १८० वाला घोडा दाबून धरतो, आधी कोणाचं संपेल ते तुम्हीच सांगा.

९ एमएम. १९०२ मध्ये गेऑर्ग लुगरनं बनवलेलं काडतूस, आजही जगभर चालतं, त्यामुळे वाईट म्हणायची सोय नाही. एमपी ४० चा वेग मिनिटाला ५०० च्या आसपास, म्हणजे अख्खी मॅगझिन चार सेकंदांत रिकामी, पण सबमशिनगनच्या मानानं हा संथच, त्यामुळे आवरता येतो. घर साफ करायचं, खंदकात उतरायचं, जिना चढायचा, इथे याला तोड नाही. शंभर मीटरच्या पलीकडे मात्र नुसता आवाज, आणि ऑस्टफ्रंटचे मॅप म्हणजे कसं, मैलभर सपाट शेत आणि शेवटी चार झोपड्या. त्या झोपड्यांपर्यंत पोचेपर्यंत एमपी ४० वाला हा फक्त पळणारा माणूस. एक फायदा कोणी लक्षात घेत नाही, पी०८ आणि पी३८ पिस्तुलंही हीच गोळी खातात, त्यामुळे ऑफिसर पडला असेल तर त्याच्या पिशवीत हात घालून बघायचा, आठ-सोळा गोळ्या तर सुटतातच, आणि जवळच्या मारामारीत आठ गोळ्या म्हणजे दोन माणसं.

(युद्धात शिसं कमी पडायला लागलं तेव्हा जर्मनांनी ९ एमएमच्या पोटात लोखंड भरायला सुरुवात केली, गोळी ८ ग्रॅमवरून ६.४ वर आली आणि ओळखू यावी म्हणून काळी केली. नळकांडीसुद्धा पितळेऐवजी पोलादाची, वर लॅकर मारलेली. गेममध्ये याचा विचार करत बसायची गरज नाही, पण एखाद्या म्युझियममध्ये काळं टोक दिसलं तर कळेल.)

आता लांब ७.९२, माझं मत आधीच सांगून टाकतो, अर्ध्याहून जास्त फौज याच्यावरच ठेवा. कारण साधं आहे. १९४० च्या आसपासची जर्मन तुकडी १० जणांची, त्यात एक मशिनगन, म्होरक्याकडे सहसा एमपी, आणि बाकी जवळपास सगळे कार९८ वाले. म्हणजे तुमची माणसं जिथे जिथे पडणार तिथे तिथे हीच गोळी पडलेली असणार. मेलेला माणूस हा सुद्धा तुमचा गोळ्यांचा डबा आहे, ऐकायला वाईट वाटतं पण या गेमचा कारभार असाच आहे.

आणि मारा. त्यांची नेहमीची जड गोळी, एसएस म्हणायचे, श्वेरेस श्पित्झगेशोस, १२.८ ग्रॅमची, कार९८ मधून सेकंदाला ७६० मीटरनं सुटते. शेताच्या त्या टोकाचा माणूस झाडाआड जायच्या आत पाडायचा असेल तर हीच. खऱ्या आयुष्यात याच एका काडतुसात अजून पोटजाती, बुडाच्या टोपीभोवतीच्या रंगावरून ओळखायच्या, हिरवा म्हणजे साधी जड गोळी, लाल म्हणजे पोलादी गाभ्याची एसएमके, पातळ चिलखतासाठी, निळा म्हणजे लोखंडी गाभ्याची स्वस्तातली. आपल्याकडे दूधवाला पिशवीच्या रंगावरून फुल क्रीम की टोन्ड ते सांगतो तसंच.

दुखणं एकच, कार९८ मध्ये पाचच गोळ्या आणि दर वेळी बोल्ट. तीन रशियन पीपीशा, म्हणजे त्यांची सबमशिनगन, घेऊन कोपऱ्यावरून एकदम आले की पाच गोळ्यांत काही होत नाही. जी४३ मिळाली तर घ्या, दहाची मॅगझिन, सेमी-ऑटो, गोळी तीच, म्हणजे मेलेल्या कार९८ वाल्याच्या जिवावर जी४३ वाला जगतो. मला विचाराल तर जर्मनांकडची सगळ्यात शहाणी बंदूक ती, पण फोटोत एसटीजीएवढी देखणी दिसत नाही म्हणून कोणी तिचं नाव काढत नाही.

याच गोळीवर मशिनगन चालते आणि ती म्हणजे भस्म्या झालेला माणूस. एमजी ४२ मिनिटाला १२०० फेकते, म्हणजे सेकंदाला २०, म्हणजे ५० चा पट्टा अडीच सेकंदांत खलास. २५० चा डबा साडेबारा सेकंद. एवढ्यात नळी तापून बदलायची वेळ येते ते वेगळंच. म्हणून मशिनगनरला एकटा पाठवू नका, शेजारी दोन जण हवेत, आणि त्यांची पिशवी लढाई सुरू व्हायच्या आधीच पट्ट्यांनी भरायची. पट्टा आणि सुटी काडतुसं एकमेकांत चालतील असं गृहीत धरू नका, आयकॉनवर माउस नेऊन बघा, मॉड टाकला असेल तर दोनदा बघा. डायरेक्ट कंट्रोलमध्ये मशिनगन घेतली की बोट आवरा, दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त दाबायचं नाही, मला स्वतःला अजून जमत नाही.

जर्मन मशिनगनचं निघालंच आहे तर एक गोष्ट, आपल्या रायगडातली. १० जुलै १९४४, इटलीत वरच्या टायबर खोऱ्यात ५ व्या मराठा लाइट इन्फंट्रीचे नाईक यशवंत घाडगे, माणगावजवळच्या पळसगावचे, त्यांची तुकडी जर्मन मशिनगनच्या तोंडी सापडली आणि त्यांच्याशिवाय सगळे मेले नाहीतर जखमी झाले. ते एकटे धावत गेले, ग्रेनेड टाकून मशिनगन आणि ती चालवणारा गार केला, टॉमीगननं अजून एक टिपला, आणि मॅगझिन बदलायला वेळच नव्हता म्हणून बंदूक नळीकडून धरून तिच्या दस्त्यानं उरलेले दोघं मारले. मग स्नायपरच्या गोळ्या लागून तिथेच गेले, मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस. मॅगझिन बदलायला लागणारे दोन सेकंद गेममध्ये आपल्याला चिडचिड वाटते, पण ते काय असतात ते इथे कळतं.

आता कुर्झ, म्हणजे मावसभावाचा मूळ प्रश्न. काडतूस म्हणून अफलातून. ८.१ ग्रॅमची गोळी, सेकंदाला ६८५ मीटर, रायफलपेक्षा कमी धक्का, एमपीपेक्षा दुपटीनं लांब मार, आणि मिनिटाला ५००-६०० नं बर्स्ट. तीनशे मीटरच्या आत हिच्यापुढे बाकी सगळे उघडे पडतात. आणि नवीन काडतूस आणायला वरून नकार होता म्हणून सुरुवातीला हिला एमपी ४३ म्हणून, म्हणजे सबमशिनगनच्या नावाखाली खपवली, श्टुर्मगेवेअर हे नाव १९४४ मध्ये आलं. सरकारी कामात नाव बदलून फाइल पुढे सरकवणं सगळीकडे सारखंच.

पण गोळी कुठून आणणार? शत्रूकडे नाही. आपल्या कार९८ वाल्यांकडे नाही. मशिनगनरकडे नाही. फक्त दुसऱ्या एसटीजीवाल्याकडे, नाहीतर ट्रकमध्ये. म्हणजे आठ एसटीजी दिल्या तर आठ जण एकाच बादलीतून पाणी पितात आणि बादली मागच्या रस्त्यावर, तोफखान्याच्या टप्प्यात. तीन किंवा चार जणांना द्या, त्यांना राखीव ठेवा, जिथे फळी फुटेल तिथे पळवा, काम झालं की मागे ट्रकपाशी. पहिल्या मिनिटापासून पुढच्या खंदकात बसवलं तर माझ्या विहिरीसारखं होणार. आणि युद्धाच्या सुरुवातीच्या काळात खेळत असाल तर हा प्रश्नच नाही, ती तुम्हाला मिळणारच नाही.

चौथा पर्याय निवडताना कोणी धरत नाही, रशियन माल. पीपीशा-४१, ७.६२×२५, ७१ गोळ्यांचा ड्रम, मिनिटाला ९०० च्या वर. जर्मन शिपायांनाही ती इतकी आवडायची की पकडलेल्या काही पीपीशा बदलून ९ एमएमवर आणल्या, एमपी ४१(आर) नावानं, त्यात एमपी ४० ची मॅगझिन बसायची. गेममध्ये बदलायची गरज नाही, समोरून येणारी प्रत्येक लाट तुमच्यासाठी ड्रम घेऊनच येते. एमपी ४० वाल्याचं संपलं की त्याला गोळ्या शोधायला लावू नका, पीपीशाच उचलायला लावा, चार प्रेतांतून अख्ख्या मिशनची सोय होते. तोटा एवढाच की बचाव करताना हे जमतं, तुम्ही हल्ला करत असाल आणि समोरचे पांगून बसलेले असतील तर लूट हातात येईपर्यंत लूट करणाराच मरतो.

तर मावसभावासाठी. शहर, कारखाना, गल्ल्या असा मॅप असेल तर ९ एमएमवाले वाढव, निम्मे ठेव, पीपीशा गोळा करत जा. उघडं शेत असेल तर कार९८ आणि जी४३ आणि दोन एमजी, प्रत्येक एमजीमागे पट्टे वाहणारे दोघं, एमपी फक्त म्होरक्यांना. एसटीजी चार, पाचवी नको, तू ऐकणार नाहीस हे माहिती आहे तरी सांगतो. ट्रक रस्त्यावर उभा करू नकोस, घराच्या मागे भिंतीला चिकटवून लाव, आणि पहिली लाट ओसरली की लगेच सगळ्यांना भरून घे, दुसरी यायची वाट बघू नकोस, कारण ट्रकवर पहिला तोफगोळा साधारण तेव्हाच पडतो.