जुन्या अकॉर्डमध्ये डीडब्ल्यू-१: आठ महिने आणि सहा हजार किलोमीटरनंतर

गाडी २००६ ची होंडा अकॉर्ड, २.४ लिटर पेट्रोल, पाच गिअरची ऑटोमॅटिक. काकांनी पहिल्या दिवसापासून जपलेली, गेल्या वर्षी माझ्याकडे आली. मीटर आज १,३४,००० च्या पुढे आहे. ऑक्टोबरमध्ये तिच्या गिअरबॉक्समध्ये होंडाचं डीडब्ल्यू-१ हे एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल, भरलं, त्याचा हा अनुभव. अशी जुनी ऑटोमॅटिक सांभाळणाऱ्यांच्या उपयोगी पडेल म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

गाडी आल्यावर सर्व्हिसिंगला घराजवळच्या एका गॅरेजमध्ये दिली होती. त्यांनी मला न विचारता गिअरबॉक्सचं तेल बदललं आणि बिलात नुसतं ‘एटीएफ’ लिहिलं. कोणतं टाकलंत विचारलं, तर उत्तर आलं, “लालच आहे साहेब, सगळ्या ऑटोमॅटिकला हेच चालतं.” पंधरवड्यातच त्रास सुरू झाला. साठच्या आसपास एका वेगात चालवलं की रस्त्यावरच्या रबरी पट्ट्यांवरून गेल्यासारखी बारीक थरथर यायची. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना झटका बसायचा. खंबाटकी चढताना तर इंजिनचा आवाज वाढायचा, पण गाडी तितकी पुढे सरकायची नाही. घरी आल्यावर खाली वाकून पाहिलं तर गिअरबॉक्सच्या वरच्या अंगाला तेलाचे ओघळ होते. काकांनी इतकी वर्षं बिनतक्रार चालवलेली गाडी माझ्या हाती आल्यावर महिन्याभरात अशी व्हावी, याचं मला फार वाईट वाटलं.

लाल हा फक्त रंग आहे. गळती कुठून होतेय ते कळावं म्हणून तो घालतात, तेलाच्या जातीशी त्याचा काही संबंध नाही. ऑटोमॅटिकमधलं तेल वंगणापलीकडे बरीच कामं करतं. त्याच्याच दाबावर क्लच धरले जातात, त्याच्यातूनच इंजिन आणि गिअरबॉक्सला जोडणारा टॉर्क कन्व्हर्टर ताकद पुढे देतो. आणि तेलात बुडालेल्या क्लचच्या चकत्या किती घसरतील, किती घट्ट धरतील, हे त्यात मिसळलेल्या घर्षणाच्या रसायनांवर ठरतं. या रसायनांचं महत्त्व किती, तर अमेरिकेत एकेकाळी एटीएफमध्ये त्यासाठी स्पर्म व्हेलचं तेल घालायचे. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला व्हेलना संरक्षण मिळालं, ते तेल बंद झालं आणि बदली रसायनांवर गिअरबॉक्स खराब होऊ लागले.

होंडाची गोष्ट आणखी वेगळी. बहुतेक कंपन्यांच्या ऑटोमॅटिकमध्ये प्लॅनेटरी गिअर (मधल्या गिअरभोवती फिरणारे छोटे गिअर) असतात. होंडाच्या या पिढीतल्या गिअरबॉक्समध्ये मॅन्युअलसारखे समांतर शाफ्ट असतात आणि त्यांवरच्या गिअरना स्वतंत्र हायड्रॉलिक क्लच. त्यामुळे तेलही होंडाचं स्वतःचं: आधी झेड-१, आणि त्याच्या जागी आलेलं डीडब्ल्यू-१. झेड-१ च्या गाडीत डीडब्ल्यू-१ चालतं, हे होंडानंच सांगितलं आहे, त्यामुळे तिथे मनात शंका ठेवू नका. एक मात्र जपा. त्याच काळातली होंडाचीच सिटी झेडएक्स सीव्हीटी (ठरावीक गिअर नसलेली, पट्ट्यावर चालणारी ऑटोमॅटिक) असेल तर हे तेल त्यात अजिबात टाकू नका, तिचं सीव्हीटीचं तेल निराळं आहे. बाटलीवर होंडा लिहिलंय एवढ्यावर विसंबू नका.

आता मापाबद्दल, कारण माझ्या गाडीचं खरं नुकसान तिथे होत होतं.

मॅन्युअल काढून बसलो तेव्हा उलगडा झाला. बऱ्याच गाड्यांत एटीएफची पातळी इंजिन चालू ठेवून बघतात. या होंडात इंजिन गरम करायचं, बंद करायचं, आणि बंद केल्यापासून ६० ते ९० सेकंदांच्या आत डिपस्टिक (तेल मापायची खुणांची पट्टी) बघायची. इंजिन चालू असताना पंप तेल वर खेचून फिरवत असतो, म्हणून खालची पातळी कमी दिसते. त्या अवस्थेत वरच्या खुणेपर्यंत भरलं की तेल जास्त झालंच. गॅरेजने सवयीप्रमाणे चालू इंजिनवर माप घेतलं होतं. जास्त तेल फिरत्या गिअरमध्ये घुसळलं जातं, फेस होतो, पंप तेलाबरोबर हवा ओढतो आणि क्लचला पुरेसा दाब मिळत नाही. वरचे ओघळ ब्रीदरमधून, म्हणजे गिअरबॉक्समधली हवा सोडणाऱ्या तोंडातून, बाहेर आलेल्या तेलाचे होते.

मी मोबाइलवर सेकंद लावून पुस्तकाप्रमाणे माप घेतलं. तेल वरच्या खुणेच्याही बोटभर वर होतं आणि पट्टीवर बारीक बुडबुडे होते.

ओळखीच्या एका मेकॅनिकदादांकडे लिफ्ट आहे. त्यांना म्हटलं, “दादा, काम तुम्ही करा, मोजायचं मी बघतो.” त्यांनी आनंदाने मान्य केलं. या गाडीच्या ड्रेन प्लगला (तेल काढायच्या बुचाला) चौकोनी खाच असते, ३/८ इंचाचा रॅचेट सरळ बसतो. प्लगला चुंबक आहे, त्यावर काजळासारखा करडा लेप जमला होता. असा मऊ लेप झिजेचा असतो, त्याला घाबरायचं कारण नाही. बोटाला टोचणारे तुकडे लागले तर मात्र काळजी करावी. आम्ही दोघांनी तो लेप बोटांत चोळून पाहिला, टोचलं काही नाही, आणि माझा जीव भांड्यात पडला.

निघालेलं तेल सांडू न देता खुणांच्या भांड्यात मोजलं: २.९ लिटर. पुस्तकात तेल बदलाचं माप २.५ लिटर आहे. म्हणजे जवळजवळ ४०० मिली जास्त होतं! नवा वॉशर घातला, प्लग ४९ न्यूटन-मीटरला आवळला, लांब नळीचं नरसाळं लावून आधी २.४ लिटरच ओतलं. मग गाडी गरम केली. इथे एसी बंद ठेवा, कारण रेडिएटरचा पंखा आपसूक सुरू झाला की इंजिन तापलं ही खूण आहे, आणि एसी चालू असेल तर पंखा तसाही फिरत राहतो. गाडी सपाट जागेवर हवी, आमच्या सोसायटीच्या उतारावर घेतलेलं माप बिनकामाचं. डिपस्टिक पुसायला कॉटन वेस्ट वापरू नका, त्याचे धागे आत गेले तर व्हॉल्व्हच्या बारीक वाटांत अडकू शकतात. मी धुतलेल्या जुन्या धोतराचा तुकडा ठेवला आहे. पातळी दोन खुणांच्या मध्ये आली, तेव्हा उरलेले १०० मिली घातले.

थंड तेलावर मापायचा मोह टाळा. साडेसहा लिटर तेल तिशीच्या तापमानावरून नव्वदला गेलं की पाव लिटरहून जास्त फुगतं. एवढ्या फरकाने सगळं माप चुकतं.

एका बदलाने काम भागत नाही. गिअरबॉक्समध्ये एकूण साडेसहा लिटरच्या आसपास तेल असतं, प्लगमधून निघतं अडीच, बाकी कन्व्हर्टरमध्ये आणि आतल्या वाटांत राहतं. पहिल्या बदलाला नवं तेल साधारण ३८ टक्के होतं, दुसऱ्याला ६२, तिसऱ्याला ७७. मी तीनशे-चारशे किलोमीटरच्या अंतराने तीनदा बदललं. साडेसात लिटर लागलं आणि ते स्वस्त नाही. तरी मशीन लावून दाबाने धुऊन काढायचा पर्याय मी घेतला नाही. जुन्या गिअरबॉक्समध्ये बसलेली घाण उठवून व्हॉल्व्हपर्यंत न्यायची मला इच्छा नव्हती.

फरक टप्प्याटप्प्याने दिसला. पातळी बरोबर होताच घाटातली घसरण पहिल्याच आठवड्यात थांबली. थरथर दुसऱ्या बदलानंतर कमी झाली आणि तिसऱ्यानंतर गेली. डिसेंबरमध्ये पाच जणांना घेऊन महाबळेश्वरला गेलो. पसरणीचा घाट चढताना गाडी योग्य तो गिअर धरून ठेवत होती, वळणावर उगाच वरखाली करत नव्हती. मे महिन्याच्या उन्हात कात्रजच्या कोंडीत तासभर अडकलो, तेव्हाही झटका नाही.

सगळंच सुधारलं असं मात्र नाही. सकाळी पहिल्यांदा रिव्हर्स टाकला की गाडी अजून सेकंदभर थांबून मग धरते. झिजलेल्या चकत्या तेल बदलून भरून येत नाहीत, ते पुढे कधीतरी उघडून बघावं लागेल. तोवर मी रिव्हर्स टाकून गाडीने धरल्याचं जाणवलं की मगच ब्रेक सोडतो.

काका मागच्या रविवारी आले होते, त्यांना सिंहगड रोडने चक्कर मारायला चावी दिली. परत आल्यावर म्हणाले, “आता माझी गाडी वाटतेय.” डिकीत अर्धा लिटर डीडब्ल्यू-१ शिल्लक आहे, बाटलीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलंय: गरम करून, बंद करून, ६० ते ९० सेकंदांत.