निशिगंध आणि फुटबॉल लिलीचे कंद: दहा महिन्यांचा अनुभव

पुण्यात आमची टेरेस तिसऱ्या मजल्यावर, दुपारी दोनपर्यंत कडक ऊन. मागच्या एप्रिलमध्ये निशिगंधाचे 20 कंद आणले, प्रज्वल जातीचे, सिंगल पाकळीचे, कारण डबल दिसायला भरगच्च असला तरी वास सिंगललाच जास्त आणि मला वासच हवा होता. सोबत फुटबॉल लिलीचे 4. त्याआधी एकदा ऑनलाइन ट्यूलिप मागवून पैसे घालवले होते, त्या कंदांना फुलायच्या आधी 12 आठवडे तरी चांगली थंडी लागते आणि विकणाऱ्याने हे कुठेच लिहिलं नव्हतं, अजून राग येतो.

फुटबॉल लिलीने मे संपायच्या आतच खूश केलं. पान एकही नाही, मातीतून नुसता जाड दांडा वर आला आणि त्यावर तो लाल गोळा, आठ-दहा दिवस टिकला, पानं नंतर आली.

निशिगंधाने मात्र वाट बघायला लावली, जुलैपर्यंत नुसतं गवत लावल्यासारखं दिसत होतं, आणि त्यातच पावसात दोन कुंड्या गेल्या. चूक माझीच, खालच्या ताटल्या काढायच्या राहिल्या आणि पाणी साचून राहिलं. पानं पिवळी पडली म्हणून उकरून बघितलं तर कंद दाबल्यावर बोट आत जात होतं आणि घाण वास, 6 कंद फेकले. उरलेले काढून पोयटा माती, वाळू आणि जुनं शेणखत समान घेऊन परत लावले, ताटल्या कायमच्या काढल्या.

ऑगस्टच्या शेवटी पहिला दांडा आला. कळ्यांना टोकाशी हलकी गुलाबी छटा असते, फूल उमललं की पांढरंशुभ्र, आणि खालून वर रोज दोन-दोन उमलतात, तीही संध्याकाळी. दिवेलागणीला दार उघडलं की वास थेट स्वयंपाकघरापर्यंत यायचा!! गणपतीत बाजारात फुलांचे भाव काय असतात सगळ्यांना माहितीये, यंदा आईने हार घरच्या फुलांचा केला, तेवढ्यासाठी सगळे कष्ट वसूल.

नवीन लावणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा, एकदा फुललेला कंद परत फुलत नाही, बाजूचे फुटवे फुलतात, म्हणून दांडा सुकला तरी कुंडी उपटू नका. आत्ता फेब्रुवारीत पानं मलूल झालीत, पाणी जवळपास बंद केलंय. फुटबॉल लिलीची कुंडी तर पूर्ण रिकामी दिसते, आत कंद आहे म्हणून खडूने लिहून ठेवलंय. एप्रिलमध्ये निशिगंधाचे फुटवे सुटे करून अजून चार कुंड्या भरणार.