मागचे ब्रेक शू घरी बदलले, त्यानंतरचे काही महिने: शूपेक्षा ॲडजस्टरबद्दलच जास्त

गाडीच्या मागच्या चाकांचे ब्रेक शू (चाकाबरोबर फिरणाऱ्या पोकळ ड्रमला आतून दाबून गाडी थांबवतात ते) घरी बदलून बरेच महिने झाले. लिहायचं राहूनच जात होतं. परवा सर्व्हिसिंगला गाडी दिली आणि तिथल्या मेकॅनिकने चाकाला हातही न लावता "हँडब्रेकची केबल ओढून देऊ ना?" असं विचारलं, तेव्हा मात्र राहवेना.

याच केबल ओढण्याने मला आधी छळलंय. दर सर्व्हिसिंगला केबल ओढली जायची, चार दिवस हँडब्रेक बरा लागायचा, पण पेडल मात्र खाली खालीच जात होतं. शेवटी ड्रम, शू, व्हील सिलिंडर (पेडल दाबल्यावर शू बाहेर ढकलतो तो) सगळंच बदलायला सांगितलं. तो एस्टिमेटचा कागद घेऊन मी घरी आलो आणि ड्रम स्वतःच उघडले. एका बाजूचे लायनर, म्हणजे शूवरचा घासला जाणारा थर, थेट पत्र्याला टेकायच्या बेतात, दुसऱ्या बाजूचे जवळजवळ नव्यासारखे जाड. जाड लायनरच्या बाजूचा ॲडजस्टर (शू आणि ड्रममधली फट भरून काढणारा आट्यांचा तुकडा) गंजून पार जाम झाला होता. म्हणजे ते चाक काम टाळत होतं आणि दुसरं एकटं झिजत होतं. सिलिंडरच्या रबरी टोप्या उचलून पाहिल्या, आत ओल नव्हती, म्हणजे ब्रेकचं तेल गळत नव्हतं. ड्रमवर आतल्या व्यासाची कमाल मर्यादा कोरलेली असते, मोजलं तर दोन्ही ड्रम तिच्या बरेच आत होते. बदलायचे होते फक्त शू. ते अर्थातच दोन्ही बाजूंचे, कारण एका बाजूला नवे आणि दुसरीकडे जुने ठेवले की गाडी ब्रेकला एका अंगाला ओढते.

लायनर झिजतो तशी शू आणि ड्रममधली फट वाढते. ॲडजस्टरवरचं दात्यांचं छोटं चाक एकेक दाता फिरून ॲडजस्टर लांब करतं आणि फट भरून काढतं. ते अडकलं की पेडल खाली जातं, हँडब्रेकचा दांडा जास्त वर ओढावा लागतो. अशा वेळी केबल ओढली की हाताला बरं वाटतं, पण आतला हँडब्रेकचा लिव्हर मूळ जागेवर परत जात नाही आणि बऱ्याच रचनांत मग चांगला ॲडजस्टरही पुढचा दाता पकडू शकत नाही. म्हणून क्रम असा हवा: आधी केबल सैल, मग ॲडजस्टरने फट बसवायची आणि केबल सगळ्यात शेवटी.

जॅक, स्टँड आणि पुढच्या चाकांना अडसर हे सगळ्यांना माहीत आहे. ड्रम निघत नसेल तर हातोडा घेऊ नका. बऱ्याच ड्रमवर आट्यांची दोन भोकं असतात, त्यांत बोल्ट थोडे थोडे आळीपाळीने आवळले की ड्रम सरळ बाहेर येतो. तरीही अडला तर आतल्या कडेचा कंगोरा शूला धरतोय, आधी ॲडजस्टर मागे घ्या. ज्या गाड्यांत बेअरिंग ड्रममध्येच असतं, तिथे मधल्या नटाचा टॉर्क (किती जोराने आवळायचा ते माप) मॅन्युअलमध्ये पाहिल्याशिवाय पाना लावू नका. आतली धूळ फुंकायची किंवा हवेने उडवायची नाही, ब्रेक क्लीनरने ओली करूनच पुसायची. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. आणि एका वेळी एकच बाजू उघडा, म्हणजे कुठली स्प्रिंग कुठे ते दुसऱ्या बाजूला बघता येतं.

माझा खरा वेळ गेला तो ॲडजस्टरवर. गंज सोडवणारं तेल घालून ठेवला, मग आटे तारेच्या ब्रशने घासले, शेवटी उष्णता सोसणारं ग्रीस अगदी पुसटसं लावलं. बोटांनी फिरवल्यावर चाक कुठेही न अडखळता टोकापर्यंत गेलं पाहिजे. बहुतेक गाड्यांत डाव्या-उजव्या बाजूच्या ॲडजस्टरचे आटे एकमेकांच्या उलट असतात. अदलाबदल झाली तर ॲडजस्टर दर वेळी लांब व्हायच्या ऐवजी आखूड होतो. असं ग्रीस बॅक प्लेटवर (शूमागच्या स्थिर पत्र्यावर) शू जिथे घासतात त्या उंचवट्यांवरही लावा, पण लायनरवर बोटसुद्धा ग्रीसचं लागू देऊ नका.

सुरुवातीला मात्र हे शू मला अजिबात आवडले नव्हते. ब्रेक बोथट, हँडब्रेक चढावर कच्चा, वर किरकिर. परत करायच्या विचारात होतो. पण जुन्या ड्रमची गोलाई आणि नव्या लायनरची गोलाई लगेच जुळत नाही, आधी थोडाच भाग टेकतो. मधल्या वेगातून हळूहळू ब्रेक लावत, मध्ये ड्रम गार होऊ देत चालवली, तशी पकड आली. आता चढावर गाडी तसूभर सरकत नाही, पेडल वरच लागतं आणि केबलला एकदाही हात लावावा लागलेला नाही. शूबद्दलचं मत मी पूर्ण बदललंय.

राग आहे तो खोक्यावर. नुसते चार शू, एक स्प्रिंग नाही की पिन नाही! उष्णतेने स्प्रिंग ढिल्या होतात. सैल असताना वेटोळ्यांमध्ये उजेड दिसला तर ती ताणलेली समजा. माझी एक तशी निघाली आणि तेवढ्यासाठी काम अर्धवट टाकून पुन्हा दुकान गाठावं लागलं. हेच शू परत घेईन, पण स्प्रिंगचा सेट आधी हातात आल्यावरच चाक खोलीन.

परवाच्या जॉब कार्डवर "हँडब्रेक केबलला हात लावू नये" असं लिहून घेतलं. गाडी रात्रभर ओल्यात उभी असेल तर सकाळी पहिल्या एकदोन ब्रेकला मागून घर्र आवाज येतो. तो ड्रमवर धरलेल्या पातळ गंजाचा असतो, लगेच जातो. तेवढ्यासाठी कोणी ड्रम उघडू म्हणालं तर नको म्हणा.