भाता दुरुस्त करावा की विजेचा ब्लोअर बसवावा?

मृगाच्या तोंडावर वखराची पास आणि नांगराचा फाळ पाजवून घ्यायला गर्दी उसळते, तेव्हा भट्टीला वारा घालणाऱ्या भात्याने दगा दिला तर हंगामच हातचा जातो. म्हणून मराठवाड्यातील लोहाराने हा निर्णय उन्हाळ्यातच घ्यावा.

भात्याचे चामडे इथल्या कोरड्या उन्हात घडीवर तडकते. तेल चोळून ते मऊ राखता येते आणि बारीक चीर ठिगळाने बुजते. मात्र हवा आत घेणारी झडप चिकटली, तर भाता नळीतून निखाऱ्यांची धग ओढतो आणि चामडे आतून करपते, म्हणून पहिली तपासणी झडपेची करावी.

ब्लोअरमुळे भाता ओढणारे माणूस (बहुधा कारभारीणच) मोकळे होते, ही सोय लहान नाही. पण वीज गेली की भट्टी बसते. शिवाय पाणी देण्यासाठी (तापवून, पाण्यात बुडवून कठीण करण्यासाठी) पोलाद सुमारे ८०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवणे पुरते. पण ब्लोअरच्या सतत झोतात नजर हटली, तर ताप त्यापुढे जाऊन पातळ धार ठिणग्या टाकत जळते.

एकट्या कारागिराने ब्लोअरच घ्यावा, परंतु नळीवर झोत कमी-जास्त करणारी सरकती पट्टी बसवूनच, आणि जुना भाता मोडीत काढू नये.