लाईट गेली की सगळं विसरणारा दिवा: रोपांच्या संचाचा वापरानंतरचा अनुभव

कंपनीने माझी तक्रार परत एकदा ‘निराकरण झाले’ असं लिहून बंद केली, म्हणून हे लिहायला बसले. घरी बियांपासून रोपं तयार करायचा हा संच बहुतेकांना माहीत असेल: कप्प्यांचा ट्रे, वरचं पारदर्शक झाकण, खाली गरम होणारी मॅट, वर एलईडी दिवा आणि दिव्याच्या वायरवर टायमर. ट्रे मजबूत आहे, झाकण ठीक. दुखणं टायमरचं आहे.

लाईट गेली की हा टायमर सगळं विसरतो. लाईट परत आली तरी दिवा बंदच. कोणीतरी जाऊन बटण दाबायचं, तास पुन्हा लावायचे. पुण्यात हे कसं चालायचं? गुरुवारी दुरुस्तीसाठी लाईट जाते हे आमच्या धायरीत पोरासोरांना ठाऊक आहे. इतर वारी नुसती झपकली तरी तेच. दिवसभर घरात कोणी नसेल तर रोपांचा तो दिवस वाया.

संक्रांतीला आम्ही सगळे गावी गेलो होतो, तेव्हा तर कहर झाला. मांजरी गोटा वांग्याची रोपं नुकती दोन पानांवर आली होती. मधे लाईट गेली आणि आली. मॅटला टायमर नाही, ती लगेच सुरू झाली. दिवा बंदच राहिला. खाली ऊब आणि वर अंधार, म्हणजे रोपं उजेड शोधत नुसती लांबत जातात. परत आलो तर सगळी पांढरट, दोऱ्यासारखी, खिडकीकडे झुकलेली. झाकणाला आतून पाणी सुटलेलं, आणि कोपऱ्यातल्या रोपांचे देठ कोकोपीटलगत (मातीऐवजी भरलेला नारळाच्या काथ्याचा भुसा) कुजून बारीक झालेले. कोकोपीटमध्ये आधीच ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी मिसळली तर ही मर आटोक्यात राहते, पण आडवं पडलेलं रोप काही उठत नाही.

तयार रोपं रोपवाटिकेत मिळतात, मान्य. पण हे बी सासूबाईंनी खेड शिवापूरच्या आमच्या पाच गुंठ्यांतलं, चांगली फळं झाडावर पिकवून, धुऊन, सुकवून, राखेत घोळून ठेवलेलं. ते कुठल्या दुकानात मिळणार? त्या काही बोलल्या नाहीत, म्हणून मला जास्तच लागलं.

ग्राहक सेवेतून उत्तर काय, तर ‘मॅडम, इन्व्हर्टर बसवून घ्या.’ २० वॅटच्या दिव्यासाठी इन्व्हर्टर! पुढच्या फोनला दुसराच माणूस, पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगायचं.

मॅटबद्दल मात्र माझं मत पार बदललं. घेताना वाटलं होतं, पुण्यात मॅट कशाला, उगीच पैसे घालवायचे. पण थंडीत पहाटे पारा १०-१२ अंशांपर्यंत उतरतो, आणि मिरचीच्या बियाला १५ अंशांत रुजायला तीन आठवड्यांहून जास्त लागतात. २५ अंशांत ते आठवडाभरात वर येतं. एकाच पुडीतलं बी दोन ट्रेमध्ये टाकलं होतं. साध्या ट्रेमध्ये काहीच हालचाल नाही, आणि मॅटवर कोंब माना वर काढताहेत, बियाचं टरफल अजून डोक्यावर. आमची मॅट १८ वॅटची, रात्रंदिवस चालली तरी महिन्याला १३ युनिट. थंडीपुरतं मला ते परवडतं.

दिव्याचा तोडगा शेवटी वायरमनने काढला. टायमर कापून टाकला, दिवा थेट प्लगला जोडला, आणि बोर्डाला चकतीचा साधा टायमर लावला. लाईट गेली की चकती थांबते, आली की तिथूनच पुढे फिरते. वेळ तेवढी मागे पडते. गुरुवारी रात्री चकती हाताने सरकवली की झालं. वॉरंटी गेली, पण १४ तास उजेड नेमाने मिळायला लागला आणि त्यानंतरची टोमॅटोची रोपं बघत राहावी अशी झाली: बुटकी, जाड देठाची, गडद पानांची. हळूहळू गॅलरीतल्या उन्हाची सवय लावली आणि मग शेतात नेली. लावल्यावर एकानेही मान टाकली नाही.

संच घ्यायचाच असेल तर दुकानातच दिवा लावायला सांगा, प्लग काढा, पुन्हा घाला. आपोआप लागला तरच पैसे द्या. मला कंपनीकडून टायमरचे पैसे परत हवे आहेत. ते मिळेपर्यंत दोनच स्टार, आणि तेही मॅटचे.