तेरावा भाग वाचायचा की ठेवायचा: चार मालिकांचे चार निरोप

माझ्या भाचीच्या कॉलेज रोडवरच्या खोलीत टेबलाच्या कोपऱ्यावर एक पुस्तक गेला दीड महिना पडून आहे. शार्लेन हॅरिस यांच्या सूकी स्टॅकहाऊस मालिकेचा तेरावा, म्हणजे शेवटचा भाग. आधीचे बारा तिनं अभ्यास सांभाळून सात महिन्यांत संपवले. हा मात्र उघडायला तिचा हात होत नाही. परवा म्हणाली, "मावशी, हा वाचला की संपलंच ना गं सगळं? त्यापेक्षा राहू दे हा. ती शिकागोवाली मालिका धरते, ती अजून चालू आहे."

तिला फोनवर दोन वाक्यांत उत्तर देता आलं नाही, म्हणून नीट लिहायला बसले. अकरा वर्षं नाशिक रोड ते दादर पास काढून पंचवटी एक्स्प्रेसनं नोकरी केली. जाऊन-येऊन सात तास गाडीत. त्या तासांत या मालिका वाचल्या आणि एकेक करून त्यांचा निरोपही घेतला. कुठला निरोप कसा जातो ते अनुभवानं ठाऊक आहे.

आधी एक गोष्ट समजून घ्यायला हवी. अर्बन फँटसी, म्हणजे आजच्या शहरात जादू-भुतांचा वावर असलेली कथा, आणि रहस्यकथा जिथे एकत्र येतात, त्या मालिकेत दोन दोरे असतात. एक त्या भागापुरता. कुणाचा खून होतो, कुणी हरवतं, शोध लागतो, शेवटच्या वीस-पंचवीस पानांत उलगडा होतो. दुसरा दोरा भागाभागांतून सरकत जातो: नायिकेचं घर, तिची माणसं, त्या शहराच्या पोटात दडलेली सत्तेची भांडणं. पहिला दोरा दर वेळी तुटतो आणि आपल्याला त्याचं काही वाटत नाही. दुसरा फक्त शेवटच्या भागात तुटतो. बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार वाचणाऱ्या आमच्या वडिलांच्या पिढीला हा प्रश्न पडलाच नाही, कारण तिथे पहिलाच दोरा होता. कुठलंही पुस्तक उचला, झुंजार तसाच भेटतो.

शेवटच्या भागात लेखकाला दुसऱ्या दोऱ्याच्या इतक्या गाठी मारायच्या असतात की त्या भागातलं रहस्य दुबळं होतं. वाचक म्हणतात, शेवट बिघडवला. खरं तर पानं पुरत नाहीत. हे आधीच ठाऊक असलं तर शेवटच्या भागाकडे वेगळ्या अपेक्षेनं बघता येतं, आणि माझ्या मते वाचायचं की नाही याचा अर्धा निर्णय तिथेच होतो.

आता भाचीच्या टेबलावरचं पुस्तक. सूकी ही लुईझियानातल्या एका लहानशा काल्पनिक गावातली, बारमध्ये काम करणारी मुलगी. तिला लोकांच्या मनातलं ऐकू येतं. कृत्रिम रक्त बाजारात आल्यामुळे रक्तपिपासू मंडळी उघडपणे माणसांत वावरू लागली आहेत. पहिला भाग २००१चा. त्याला रहस्यकथांसाठीचा अँथनी पुरस्कार मिळाला होता, म्हणजे रहस्यवाल्यांनीही ही मालिका आपली मानली. शेवटचा भाग मे २०१३मध्ये आला. बारा वर्षांत तेरा पुस्तकं, जवळजवळ दर वर्षी एक. हा नेम फार मोलाचा आहे. वाचणारी व्यक्ती आणि सूकी बरोबरीनं मोठ्या होतात.

शेवटाचं काय झालं, तेही सांगते, कथानक न फोडता. पुस्तक दुकानांत पोचायच्या आधीच शेवट फुटला. सूकीचा जोडीदार कोण, यावरून वाचकांचे तट पडलेले होते. ज्यांच्या मनासारखं झालं नाही त्यांनी लेखिकेला इतकं वाईट लिहिलं, धमक्यांपर्यंत मजल गेली. मला त्या वाचकांचा राग येतो. बाई बारा वर्षं वेळेवर पुस्तक देत होत्या, आणि मालिका त्यांनी आपल्या मर्जीनं, हातपाय धड असताना संपवली. कितीतरी मालिकांच्या नशिबी हे येत नाही.

मी तो तेरावा भाग पंचवटीत संपवला. जुलैचा पाऊस, संध्याकाळची परतीची गाडी, बायकांचा डबा. शेवटची चाळीसेक पानं उरली होती तेव्हा कसाऱ्याला मागून इंजिन लागलं. घाटात बोगदा आला की डब्यातल्या मिणमिणत्या दिव्यावर वाचायचं, बोगदा संपला की खिडकीवर पावसाचे ओघळ. समोरच्या काकू नेहमीसारखी मेथी निवडत होत्या. इगतपुरीला वडेवाला चढला तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि जुडी बाजूला ठेवून म्हणाल्या, "काय गं, घरून फोन आला का? सगळं ठीक आहे ना?" मी नुसतं पुस्तक दाखवलं. त्यांनी कागदावरचा अर्धा वडा माझ्या हातात दिला, पुढे काही विचारलं नाही. देवळालीच्या आधी पुस्तक संपलं. नाशिक रोडला उतरले तेव्हा पिशवीत पुढचं काहीच नव्हतं.

रहस्य म्हणून तो भाग मालिकेतला सर्वांत चांगला नाही. चौथा-पाचवा भाग त्याहून उजवे आहेत. पण वाचून झाल्यावर मला रुखरुख लागली नाही. दुःख होतं, आणि ते आठवडाभरात निवळलं. त्याच वर्षी लेखिकेनं आणखी एक छोटं पुस्तक काढलं, कुठल्या पात्राचं पुढे काय झालं ते अकारविल्हे सांगणारं. ते मी आजतागायत उघडलेलं नाही. निरोप एकदाच घ्यावा असं मला वाटतं. दारात उभं राहून पुन्हा पुन्हा "येते हं" म्हटलं की माणूस धड घरातही राहत नाही आणि वाटेलाही लागत नाही.

आता शिकागो. जिम बुचर यांच्या ड्रेस्डेन फाइल्समधला नायक खाजगी गुप्तहेर आहे आणि जादूगारही. फोनच्या डिरेक्टरीत जादूगार म्हणून नाव छापून व्यवसाय करतो. पहिला भाग २०००चा, २०२०पर्यंत सतरा कादंबऱ्या. वीस-बावीस प्रकरणं आणि त्यानंतर तीन भागांचा मोठा शेवट, असा आराखडा लेखकानं फार पूर्वीपासून बोलून दाखवलेला आहे. म्हणजे भाचीचं म्हणणं बरोबर आहे, इथे निरोपाची घाई नाही. पण चालू मालिकेची एक वेगळी किंमत असते आणि ती तिनं अजून मोजलेली नाही.

पंधरावा भाग २०१४मध्ये आला, सोळावा जुलै २०२०मध्ये. मधली सहा वर्षं काही नाही. पंधरावा मी गाडीत वाचला होता. सोळावा आला तेव्हा लॉकडाऊननं पंचवटीच बंद होती. तो मी गच्चीत बसून किंडलवर वाचला. मेथीवाल्या काकू नाहीत, घाट नाही, आणि मधल्या सहा वर्षांत मी बरीच पात्रं विसरलेले. कोण कुणाचं देणं लागतो हेच आठवेना. दोन महिन्यांनी सतरावा आला. मुळात ती एकच कादंबरी होती, फार मोठी झाली म्हणून दोन केल्या. ते सोळावा वाचताना जाणवतं. तो अर्ध्यावर दार लोटून घेतल्यासारखा थांबतो.

संपलेल्या मालिकेत निरोप केव्हा घ्यायचा ते आपल्या हातात असतं. चालू मालिकेत तो हातचा निसटतो. कधी सहा वर्षं थांबावं लागतं, कधी वाट पाहता पाहता आपणच बदलून जातो आणि निरोप न घेताच दूर होतो. मला दुसऱ्या प्रकारची हळहळ जास्त लागली. शिकागो मी टाकलेलं नाही, पण पूर्वीसारखं ते माझंही राहिलेलं नाही.

तरी ती वाचायचीच असेल तर थांबे सांगते. पहिले दोन भाग कच्चे आहेत, तिसऱ्या-चौथ्यापासून दुसरा दोरा पकड घेतो. २०१०च्या बाराव्या भागावर थांबायचं नाही, तिथे थांबलेला माणूस झोपत नाही. पंधराव्यावर थांबता येतं. तिथे प्रकरण पूर्ण मिटतं, मालिकेतलं सर्वांत नेटकं प्रकरण आहे ते, आणि मन शांत राहतं.

सिनसिनाटीतल्या जादूगारणीची, किम हॅरिसन यांची हॉलोज मालिका थोडक्यात सांगते. २००४ ते २०१४, तेरा कादंबऱ्या, रीतसर समाप्ती. शेवटी काळ पुष्कळ पुढे जातो आणि पुढचं आयुष्य दिसतं. आणि २०२०मध्ये मालिका पुन्हा सुरू झाली, त्या मधल्या काळात शिरून. मी रडून मोकळी झाले होते, आणि ही मंडळी परत दारात. नवे भाग वाईट नाहीत. पण शेवट ठाऊक असल्यामुळे कुणाच्या जिवाची धास्ती वाटत नाही, आणि धास्तीशिवाय रहस्यकथेत उरतं काय? भाचीला मी ही मालिका सुचवणार नाही.

सुचवेन ती लंडनची. बेन आरोनोविच यांची रिव्हर्स ऑफ लंडन. २०११पासून चालू आहे. नायक पोलिसातला साधा शिपाई. एका खुनाच्या जागी पहारा देताना त्याला भूत भेटतं, साक्ष द्यायला. तिथून तो पोलिसांच्या जादूच्या खात्यात जातो. या मालिकेत लंडनच्या नद्या माणसांच्या रूपात वावरतात. टेडिंग्टनच्या बंधाऱ्याखालची, भरती-ओहोटीची थेम्स ही नायजेरियातून आलेली एक बाई, बंधाऱ्यावरची थेम्स एक म्हातारा, आणि दोघांत हद्दीचा वाद.

पहिला भाग मी २०१६च्या ऑगस्टमध्ये वाचत होते. गंगापूर धरणातून विसर्ग वाढवला होता, आणि पंचवटीपासून सिडकोपर्यंत सगळं नाशिक एकमेकांना एकच विचारत होतं, "दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत आलंय?" गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत, छातीपर्यंत. गोदावरीच्या पाण्याची पातळी मीटरमध्ये नाही, पात्रात उभ्या देवाच्या अंगावर मोजणारं गाव आहे हे. रामकुंडावर रोज नदीला गंगामाई म्हणून हाक मारणाऱ्याला थेम्स चहा प्यायला बसली आहे, हे समजावून सांगावं लागत नाही. इंग्रज वाचकाला ती कल्पना वाटत असेल. मला ती शेजारीण वाटली.

निरोपाच्या दृष्टीनं या मालिकेची सोय अशी की तिला मधेच एक खरा शेवट आहे. मोठ्या खलनायकाचा दोरा २०१८च्या सातव्या कादंबरीत संपतो, तोही आधीच्या सहा भागांचा हिशेब पूर्ण चुकता करून. ज्याला पुरे झालं त्यानं तिथे उतरावं. ज्याला लंडन सोडवत नाही त्यानं पुढे जावं, तिथे नवं प्रकरण, नवं वय, संसार आहे. मात्र २०१३च्या चौथ्या भागाजवळ पाचवा घेऊनच बसायचं. त्याचा शेवट एकट्यानं पचवण्यासारखा नाही.

आणि आपले समर्थ. नारायण धारपांनी आप्पा जोशींच्या तोंडून सांगितलेल्या त्या कथांत पछाडलेली घरं आहेत, अघोरी शक्ती आहेत आणि त्यांचा छडा लावणारा शांत, दबदब्याचा माणूस आहे. या सगळ्या परदेशी मालिकांच्या कितीतरी आधी मराठीत हे होऊन गेलं. धारप २००८मध्ये गेले. शेवटचा भाग अशी पाटी कुठल्याच पुस्तकावर नाही. मी समर्थ आमच्या सार्वजनिक वाचनालयातून, सावानातून, आणून वाचले, जसे मिळाले तसे, क्रमाशिवाय. त्यामुळे माझे समर्थ कधी संपले नाहीत, वाचनालयातली पुस्तकं संपली. निरोपाचा धसका घेणाऱ्यानं हे आधी वाचावं. दुसरा दोरा पातळ आहे, म्हणून जीव तेवढा गुंतत नाही, ही त्याची कमी बाजूही सांगायला हवी.

राहिला प्रश्न तेराव्या भागाचा. तीन वाटा आहेत. थेट वाचणं, आधीचे बारा पुन्हा वाचून मग वाचणं, आणि न वाचता ठेवणं. बारा पुन्हा वाचायला मी सांगितलं असतं, जर मधे वर्षं गेली असती. ड्रेस्डेनच्या वेळी मी तसं न केल्याचं मला आजही वाईट वाटतं. भाचीचे बारा भाग तर सात महिन्यांतले, तिला प्रत्येक नाव तोंडपाठ आहे. न वाचता ठेवणं काहींना जमतं. मी एक मालिका तशी ठेवून पाहिली आहे. तीन वर्षांनी शेवटचा भाग उघडला तर ती माणसं परकी झाली होती. राखून ठेवलं तेच नासलं. पुस्तक लोणच्यासारखं मुरत नाही, वाचणाऱ्याची भूक मात्र ओसरते.

म्हणून सूकीचा तेरावा आत्ता वाचावा, आणि शिकागो त्याच आठवड्यात सुरू करू नये. महिनाभर मधे समर्थ वाचावेत, मग लंडन, सातव्या भागापर्यंत. संच ठेवायचा की वाचनालयाला द्यायचा ते तिनं नंतर ठरवावं. माझा सूकीचा संच मी नोकरी सुटल्यावर दिला, पण तेरावा ठेवून घेतला. त्यात अजून त्या महिन्याच्या पासाची झेरॉक्स आहे, दोनशे बाराव्या पानावर.

येत्या शुक्रवारी तिला मुलाखतीसाठी पंचवटीनं दादरला जायचं आहे. मी तिला सांगितलंय, तेरावा बरोबर घे, पण जाताना काढू नकोस. जाताना मुलाखतीचं वाच. संध्याकाळी परतीच्या गाडीत खिडकी धर आणि कल्याण गेलं की सुरू कर. नाशिक रोडला मी गाडी घेऊन येते.